बायकांच्या पिस्तूल वर्गात एका नवऱ्यास प्रवेश मिळणेबाबत

प्रति,
मा. शेरीफ ड्वेन कालबर्ग साहेब,
शेरीफ कार्यालय, हॅगन काउंटी,
मुक्काम ओल्सबी, पूर्व मोंटाना.

अर्जदार : ऑर्लिन स्कॉगस्टॅड, वय सत्तर, धंदा गुरे पाळणे, राहणार ओल्सबीच्या उत्तरेस, धान्याच्या जुन्या कोठारापुढे डावीकडे.

विषय : काउंटीच्या नेमबाजी मैदानावर मला घातलेली बंदी उठवून, महिलांच्या शनिवारच्या पिस्तूल वर्गात मला विद्यार्थी म्हणून दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : डेप्युटी कु. टॅमी रूड यांचा गेल्या ऑगस्टमधील तोंडी हुकूम, जो त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने कर्ण्यावरून दिला.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी या काउंटीचा जन्मापासूनचा रहिवासी असून आजवर माझ्याविरुद्ध आपल्या कार्यालयात एकही तक्रार नाही. संदर्भात नमूद केलेला प्रकार मी तक्रारीत धरत नाही. येत्या एप्रिलमध्ये महिलांचा नवा वर्ग सुरू होत आहे. त्यात मला घ्यावे, एवढीच विनंती आहे. मी महिला नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. तथापि वासरांना डाग देण्याच्या दिवसाच्या आत माझे हे शिक्षण झाले नाही, तर माझ्या घरातील सर्व बंदुका, माझ्या वडिलांच्या रायफलीसह, माझा जावई गुरांच्या गाडीत घालून घेऊन जाणार आहे. असे माझ्या पत्नीने ठरवले असून जावयाने मान डोलावली आहे. प्रकरण इथवर कसे आले ते मुळापासून सांगितल्याशिवाय आपल्या ध्यानात येणार नाही. आपण कामात असाल हे खरे, पण मार्च महिन्यात आपल्या काउंटीत फारसे काही घडत नाही हेही मला ठाऊक आहे.

२. गेल्या वर्षी वसंतात मी वळूंच्या लिलावाला गेलो असता एक परका इसम आमच्या आवारात शिरला आणि टाकीतले डिझेल आपल्या पिंपात भरू लागला. माझी पत्नी सौ. आर्डिस त्या वेळी चर्चच्या जेवणासाठी बटाट्याच्या पातळ पोळ्या, ज्यांना आम्ही लेफ्सा म्हणतो, भाजत होती. लेफ्सा उलटायची लांब काठी हातात घेऊन ती तशीच बाहेर गेली. पुढे काय झाले ते तिने मला नीटसे सांगितलेले नाही. तो इसम मात्र आपली नळी, पिंप आणि टोपी टाकून पळाला. आर्डिसने ही हकीकत मला रात्रीच्या जेवणात, सूप संपल्यावर, वासराला जुलाब लागले त्या बातमीच्या नंतर सांगितली. माझा घास हातातच राहिला. बायको घरी एकटी, आणि हाताशी काय, तर काठी. नवरा म्हणून माझी मला लाज वाटली आणि तिला एक छोटे, हाताळायला सोपे पिस्तूल घेऊन देण्याचे मी त्याच क्षणी ठरवले. तिला विचारले नाही. आमच्याकडे नवरे बायकोच्या गाडीचे टायर आणि बायकोचे पिस्तूल तिला न विचारताच आणतात, हे आपणही जाणता. आपल्या सौभाग्यवतींचे पिस्तूल कोणी निवडले हे मी येथे विचारत नाही.

३. ओल्सबीत वेंडेल टिग्स यांचे दुकान आहे. तेथे गळाला लावायचे किडे, दारांच्या बिजागऱ्या आणि पिस्तुले एकाच गल्ल्यावर मिळतात. वेंडेलने मला काचेच्या कपाटातला एक कप्पा दाखवला. ‘हा बायकांचा,’ असे तो म्हणाला. त्यातली सर्व पिस्तुले लहान, हलकी आणि काहींच्या मुठी जांभळ्या होत्या. दुकानात त्या वेळी आणखी तिघे पुरुष होते. आम्हा पाचही जणांचे असे मत पडले की बाईचा हात लहान, तेव्हा पिस्तूल लहान. बाईचे मनगट नाजूक, तेव्हा पिस्तूल हलके. त्या कप्प्यातला बराचसा माल परत आलेला आहे, हे वेंडेलने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मी सर्वांत हलके रिव्हॉल्व्हर घेतले. ते इतके हलके होते की खिशात आहे की नाही हे चाचपून पाहावे लागे.

४. लग्नाच्या वाढदिवसाला ते आर्डिसला दिले. डबा हातात घेताच तिचा चेहरा उजळला होता, कारण तिला वाटले पीठ मळायचे यंत्र आले. उघडल्यावर तिने वरचा कागद नीट घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही गोठ्यामागे गेलो. तिने एक गोळी झाडली, रिव्हॉल्व्हर गवताच्या भाऱ्यावर ठेवले आणि तळहात काखेत दाबून धरला. मग म्हणाली, ‘आता हे तू मार.’ मी मारले. साहेब, घोड्याने लाथ मारावी तसा तो दणका होता. जड पिस्तूल निम्मा धक्का आपणच गिळते आणि हलके पिस्तूल सगळाच्या सगळा माणसाच्या हातात देते, ही गोष्ट मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी कळली. मात्र मी तेव्हा आर्डिसला म्हणालो की, सवय होईल. तिने विचारले, ‘कुणाला?’

५. दुसरे पिस्तूल मी स्वयंचलित घेतले. त्याचा धक्का बेताचा होता, पण वरचा सरकता भाग, ज्याला आम्ही स्लाइड म्हणतो, तो मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी आत चढत नाही आणि त्याची स्प्रिंग भलतीच ताठ होती. आर्डिसच्या अंगठ्यात संधिवात आहे. तिला ते ओढवेना. मी त्यावर असा तोडगा सुचवला की रोज सकाळी गुरांकडे जाण्याआधी मीच ते ओढून देत जाईन, आणि मधे कधी गरज पडलीच तर तिने मला फोन करावा. त्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे मी चोराला सांगू का, बाबा रे, जरा बैस, कॉफी घे, ऑर्लिन गवत कापून येतोय?’ मी ते डब्यात परत घातले आणि तिसरे शोधू लागलो.

६. तिसऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. ते इतके छोटे होते की आर्डिसच्या पर्समध्ये, रुमाल, औषधाच्या गोळ्यांची डबी, शिवणाची फीत आणि नातवाच्या गाडीचे चाक यांच्याखाली ते पहिल्याच आठवड्यात हरवले. सापडल्यावर असे दिसले की त्याचा नेम पाहायचा खिळा तांदळाच्या कणीएवढा असून तो चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा पर्समध्ये पिस्तुलाच्या खाली असतो. तिन्ही पिस्तुले शेवटी माझ्या कपाटात आली. आमचे शेजारी ऑल्सन यांच्या पोराच्या लग्नात आर्डिसने भर टेबलावर, बटाट्याचे भांडे पुढे सरकवता सरकवता, सर्वांना सांगितले, ‘ऑर्लिनला माझ्यासाठी पिस्तुलं घ्यायचा भारी नाद लागलाय. माझ्याकडे मात्र अजून एकही नाही.’ लोक हसले. पाद्रीबाबा सुद्धा हसले, आणि ते सहसा हसत नाहीत.

७. यानंतर आर्डिसने मला न सांगता आपल्या कार्यालयाच्या वर्गात नाव घातले. या वर्गाचा तिसरा नियम असा की, नवरा, होणारा नवरा, भाऊ, बाप वा न मागता सल्ला देणारा अन्य कोणीही इसम कुंपणाच्या आत येणार नाही, आणि कोणताही जोडीदार आपल्या जोडीदारास शिकवणार नाही. नियम कडक आहे, पण मी तो मोडलेला नाही, हे येथे स्पष्ट करू इच्छितो. मी कुंपणाच्या बाहेर, माझ्या स्वतःच्या पिकअपमध्ये बसलो होतो. तेथे इतरही नवरे आपापल्या पिकअपमध्ये, कॉफीचे थर्मास घेऊन, माना लांब करून बसले होते. आर्डिसचे कोपर वाकलेले मला तेथूनही दिसले. म्हणून मी एकदा भोंगा वाजवला. आदल्या रात्री आमचे ठरले होते की एक भोंगा म्हणजे कोपर, दोन भोंगे म्हणजे श्वास. आर्डिसचे म्हणणे आहे की असे काही ठरले नव्हते, मी एकटाच बोलत होतो. ते काही असो. माझे पाहून ऑल्सननेही आपल्या बायकोसाठी भोंगा वाजवला, मग आणखी एकाने, आणि कोणता भोंगा कोणाच्या कोपरासाठी आहे हे समजेनासे झाले. बायकांनी पिस्तुले खाली ठेवली. तेव्हा वर्ग चालवणाऱ्या कु. टॅमी रूड यांनी कर्ण्यावरून सांगितले, ‘मिस्टर स्कॉगस्टॅड, आपण घरी जावं आणि पुन्हा येऊ नये. बाकीच्यांनी भोंग्यावरून हात काढावेत.’ रविवारच्या शाळेत या कु. टॅमीला नोहाच्या बोटीची गोष्ट मी शिकवली आहे. तरीही मी गेलो. बंदीचे मी तंतोतंत पालन केले असून, शनिवारी त्या रस्त्याने जायचे झाले तरी वळसा घालून जातो.

८. त्या वर्गात एक लांब टेबल असते. त्यावर निरनिराळी पिस्तुले मांडतात आणि प्रत्येक बाई सगळी हाताळून, झाडून, जे आपल्या हाताला बसेल ते निवडते. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाही पुरुषाला सुचली नव्हती. आर्डिसने पोलादी, मधल्या मापाचे, जुन्या धाटणीचे रिव्हॉल्व्हर निवडले. ते वजनाला चांगले भरते. घरी आणल्यावर मी म्हणालो की हे बायकांचे नव्हे. ती म्हणाली, ‘मी बाई आहे. हे माझं आहे. झालं की मग बायकांचं.’ हिवाळा लागेपर्यंत ती नवीन बायकांना उभे कसे राहावे ते दाखवू लागली होती. पोस्टात, बँकेत, औषधांच्या दुकानात मला लोक सांगत की आर्डिसचा हात काय स्थिर आहे. मी म्हणे, हो, आहे खरा.

९. आता मुख्य मुद्द्यावर येतो. त्यापर्यंत यायला मला तीन पाने लागली, याबद्दल क्षमा असावी.

गेल्या पानगळीपासून माझा उजवा हात थरथरतो आहे. सुरुवातीला मी तो खिशात ठेवत असे. कॅफेत मी कप अर्धाच भरून घेऊ लागलो आणि कोणी विचारले तर म्हणे की डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितली आहे. घरी मी काहीच सांगितले नाही. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की आर्डिस माझा कप आपणहून अर्धा भरते, आणि मग थोड्या वेळाने उठून उरलेला अर्धा भरते. जानेवारीत मी ते दुसरे पिस्तूल परत करायला वेंडेलकडे गेलो. रिकामे आहे हे दाखवण्यासाठी स्लाइड मागे ओढावी लागते. मला ती ओढवेना. दोन्ही हातांनी, गल्ल्याला टेकून, अंगाचा सगळा जोर लावून ओढवेना. वेंडेलने ते माझ्या हातातून घेतले आणि गार पडले की तेल घट्ट होते असे म्हणाला. आत शेगडी धगधगत होती. बाहेर गाडीत येऊन मी बराच वेळ किल्ली लावायचा प्रयत्न करत बसलो. बिलिंग्जच्या डॉक्टरांकडे त्यानंतर गेलो. दुखण्याला नाव आहे आणि ते मला आवडले नाही. ते बरे होत नाही, पण सावकाश चालते, असे ते म्हणाले.

१०. फेब्रुवारीत माझा सत्तरावा वाढदिवस झाला. आर्डिसने मला एक डबा दिला. आत छोटे, हाताळायला सोपे पिस्तूल होते. त्याची स्लाइड मऊ आहे, धक्का जवळजवळ नाही, नेमाचा खिळा जाड आणि पांढरा आहे. मी ते पाहिले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी विचारले की हे मला न विचारता कोणी आणायला सांगितले. ती म्हणाली, ‘तू तरी मला कुठे विचारलं होतंस?’ मी ते बंद करून कपाटात, उरलेल्या दोघांच्या शेजारी ठेवले आणि दोन दिवस तिच्याशी गुरांपुरतेच बोललो.

नंतर पोस्टात कु. टॅमी भेटल्या. बंदी मैदानापुरती असल्याने मी तेथून हललो नाही. त्यांनी सांगितले की माझे पिस्तूल निवडायला आर्डिस कित्येक शनिवार वर्ग संपल्यावर थांबत होती. टेबलावरचे प्रत्येक पिस्तूल तिने माझे हिवाळ्यातले चामडी हातमोजे घालून, डाव्या हाताने ओढून पाहिले, म्हणजे माझ्या बोटांत जेवढे बळ उरले आहे तेवढेच तिच्या बोटांत राहील. यात तिचा संधिवाताचा अंगठा सुजला आणि तिने मला सांगितले की तो लोणच्याची बरणी उघडताना दुखावला. मी घरी गेलो. कपाटातून पिस्तूल काढले आणि स्लाइड ओढली. ती आली, साहेब. पहिल्याच झटक्यात आली. मी तिथेच पलंगावर बसून रडलो. हे अर्जात लिहिणे योग्य नाही याची मला जाणीव आहे, पण झाले ते असे.

११. त्या संध्याकाळी मी आर्डिसला म्हणालो की मला हे चालवायला शिकव. तिने साफ नकार दिला. वर्गाचा नियम ती घरीही पाळते, आणि माझ्याबाबतीत तर ती म्हणाली, ‘तू दर गोळीला मला समजावशील. आणि मी तुझ्या हाताकडे बघत बसेन. दोघांनाही काही यायचं नाही.’ मग तिने अट सांगितली. थरथरत्या हाताच्या माणसाच्या घरात बंदुका तशाच राहणार नाहीत. टॅमीने नीट पारखून, हा माणूस सुरक्षित हाताळतो असे सांगितले तर ठेवायच्या, नाहीतर डाग देण्याच्या दिवशी जावई नेईल. मला यात काही खोट काढता आली नाही. काढून पाहिली.

१२. यावर आपले कार्यालय म्हणेल की मी पुरुषांच्या वर्गात जावे. असा वर्ग आपण दोनदा जाहीर केला होता. दोन्ही वेळा एकही पुरुष आला नाही आणि आणलेले डोनट आपल्या लोकांना खावे लागले. या काउंटीत पुरुष बंदूक शिकत नाही, तो शिकलेलाच जन्माला येतो, असे येथे सर्व मानतात. ‘बदकांना पोहायला शिकवायला निघालेत’ असे एक विधान त्या वेळी कॅफेत झाले होते आणि ते कोणी केले हे आपणापर्यंत पोहोचले असल्यास मी ते नाकारत नाही. तिसऱ्यांदा वर्ग ठेवलात तर मी जरूर येईन, पण एकट्यासाठी एक डेप्युटी अडकवणे सरकारी दृष्टीने बरोबर नाही. सबब महिलांचा वर्ग हाच एक मार्ग उरतो.

१३. प्रवेश दिल्यास मी पुढील गोष्टी लेखी कबूल करतो. मी शेवटच्या जागी उभा राहीन. कोणाच्याही कोपराविषयी बोलणार नाही. कु. टॅमीला बाईसाहेब म्हणेन. कोणी हसल्यास राग धरणार नाही, कारण मीही हसलो असतो. आर्डिस त्या वर्गात शिकवत असली तरी माझ्याकडे येणार नाही आणि मी तिला हाक मारणार नाही, यामुळे तिसऱ्या नियमालाही बाध येत नाही.

१४. शेवटी एक विनंती आहे आणि ती मुख्य विनंतीहून वेगळी आहे. मला दाखल करून घेतल्यावर, पारखल्यावर, कु. टॅमीला वाटले की हा हात आता बंदुकीला लावू नये, तर तिने ते मला समोर सांगावे. चिठ्ठी पाठवू नये. मी पिस्तूल टेबलावर ठेवीन, तोंड निशाणाकडे आणि आत गोळी नाही हे दाखवून. माझ्या वडिलांची रायफल जावयाच्या गाडीत मी स्वतः ठेवीन, त्याला उचलू देणार नाही. मात्र त्यानंतरही मला मैदानाबाहेर काढू नये. कुंपणाच्या आत, बाकावर, कोठेही बसवावे. सगळी काउंटी मला सांगते की आर्डिसचा नेम पाहण्यासारखा आहे. मी तिचा नवरा आहे, आणि मी तो अजून पाहिलेला नाही.

कळावे, निर्णय लवकर व्हावा ही आशा.

आपला आज्ञाधारक व सध्या बंदीत असलेला,

ऑर्लिन स्कॉगस्टॅड
(सही वाकडी दिसली तरी माझीच आहे.)

ओल्सबी, दिनांक ११ मार्च

सोबत जोडलेले कागद :
अ. बिलिंग्जच्या डॉक्टरांचे पत्र.
ब. वेंडेल टिग्स यांचा दाखला, की तीनही पिस्तुले त्यांनी परत घेतली असून ती पुन्हा त्याच कप्प्यात ठेवणार नाहीत.
क. वर्गातील सर्व महिलांची ना-हरकत, सह्यांसह. एक सही कमी आहे. ती माझ्या पत्नीची. बाकीच्या बायकांनी कागद पुढे केला तेव्हा ती त्यांना म्हणाली, ‘आधी येऊ दे त्याला. मग बघते.’